व्यावसायिक कॅमेरे आणि लेन्सांची टंचाई : गोव्यातल्यांनी माल मिळवायचा कसा?

फोंडेकर | १९ जानेवारी २०२२, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

फोंड्यात माझा फोटोचा धंदा आहे. लग्नं, मुंजी, देवळांचे उत्सव, मधूनमधून हॉटेलांची कामं. ओमिक्रॉनमुळे पुढे ढकललेली लग्नं आता फेब्रुवारी ते मे एकावर एक येऊन बसली आहेत आणि नेमका आत्ताच माल मिळेनासा झालाय. एक फुलफ्रेम मिररलेस बॉडी (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला, लेन्सविना नुसता कॅमेरा) आणि तिची २४-७० एफ २.८ झूम लेन्स दिवाळीच्या सुमारास बुक केली. पैसे भरले, पावती आहे, माल नाही. दुकानदार दर वेळी "पुढच्या लॉटमध्ये नक्की" म्हणतो. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही, त्याच्याच हातात काही नाही.

मला दिसतं ते असं : देशात थोडा माल येतो. तो आधी मुंबई, दिल्ली, बंगळूरच्या मोठ्या दुकानांत जातो, कारण त्यांची खरेदी मोठी. आपल्या पणजी-मडगावच्या दुकानांची पाळी शेवटी येते आणि तोवर लॉट संपलेला असतो. मुंबईच्या दुकानात थेट नाव लावायला गेलं तर ते म्हणतात, आधी आमची रोजची गिऱ्हाइकं. म्हणजे गोव्यातला फोटोग्राफर दोन्ही रांगांत मागे.

तुम्ही सगळे काय करताय? भाड्याने, सेकंडहँड, बाहेरून मागवून? आणि हे कधी निवळेल याचा कुणाला अंदाज आहे का? ज्याला जे नक्की माहीत असेल ते लिहावं. इथे नुसता राग काढून उपयोग नाही, मला मे महिन्यापर्यंतची कामं पार पाडायची आहेत.

साखळीकर | १९ जानेवारी, रात्री १०:५२

माझंही हेच. बॉडी आली तर लेन्स नाही, लेन्स आली तर कार्ड नाही. निकॉनच्या झेड ९ कॅमेऱ्याला सीएफएक्स्प्रेस टाइप बी किंवा एक्सक्यूडी मेमरी कार्डच लागतं, साधं एसडी चालतच नाही. कॅमेरा हातात येऊन नुसता बसायला नको म्हणून कार्ड आधीच घेऊन ठेवलंय.

उजेड | २० जानेवारी, सकाळी ७:३०

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदी विभागात आहे. कॅमेरा हा माझा छंद, पण चिप मिळत नाहीत म्हणजे काय होतं ते रोज बघतो. सविस्तर लिहितो.

२०२० च्या सुरुवातीला कोरोनामुळे मोटारी खपेनाशा झाल्या, तेव्हा मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. तीच क्षमता लॅपटॉप, टीव्ही, मोबाइलवाल्यांनी उचलली, कारण सगळे घरी बसले होते. वर्षाच्या शेवटी मोटारींची मागणी परत आली आणि कारखान्यांत जागा उरली नव्हती. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका शहरात आसाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या चिप तिथे बनत. ध्वनिमुद्रक आणि ऑडिओ इंटरफेस महाग झाले, मिळेनासे झाले, त्यातलं एक मोठं कारण हे. मग मार्च २०२१ मध्ये रेनेसासच्या नाका कारखान्यातही आग लागली.

आता कॅमेऱ्याचं. लोकांना वाटतं सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मिळत नसेल. अडचण बऱ्याचदा त्याहून साध्या, स्वस्त भागांची असते : वीजपुरवठा सांभाळणारी चिप, स्क्रीन चालवणारी चिप. हे भाग जुन्या पद्धतीच्या उत्पादनरेषांवर बनतात आणि त्या रेषा वाढवायला कुणी नवा पैसा घालत नाही, कारण त्यात नफा थोडा. असा एक भाग अडला की पूर्ण कॅमेरा अडतो.

आणि रांगेत कॅमेरेवाले मागे का, तर आकडे बघा. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या, म्हणजे सीआयपीएच्या नोंदीनुसार २०१० साली १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली ८९ लाखांच्या आत. मोबाइलने छोटे कॅमेरे संपवले. एवढा लहान झालेला उद्योग चिपवाल्याकडे जाऊन "आधी मला द्या" म्हणू शकत नाही. फोंडेकरदादा, तुम्ही मुंबईच्या दुकानाबद्दल जे लिहिलंत तेच वरच्या पायरीवर कॅमेरा कंपन्यांच्या वाट्याला आलंय.

कंपन्या हे उघड सांगताहेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सोनीने जपानमध्ये ए ७ सी, ए ६४००, झेडव्ही-ई १० अशा कॅमेऱ्यांच्या नव्या ऑर्डरी घेणंच थांबवलं. निकॉनने झेड ९ आणि नव्या १००-४०० लेन्सबद्दल उशीर होईल असं जाहीर केलं. कॅननने आर ३ साठी अर्धं वर्ष लागू शकेल असं सांगितलं.

कधी निवळेल? आमच्याकडे काही भागांना पुरवठादार वर्षभराच्या तारखा देताहेत. हा हंगाम तरी नव्या मालावर अवलंबून राहू नका.

फोंडेकर | २० जानेवारी, सकाळी ९:०५

उजेडबाब, फार मोलाचं लिहिलंत. शेवटचं वाक्य पचवायला जड आहे, पण निदान आता त्या हिशेबाने आखता येईल.

मांडवीकाठ | २० जानेवारी, दुपारी १:२०

मी २०११ पासून व्हिडिओच्या कामात आहे. हे पहिलं संकट नव्हे, म्हणून थोडा मागचा संदर्भ.

मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत निकॉनच्या सेंदाईच्या कारखान्याचं नुकसान झालं. त्यांचे वरच्या दर्जाचे कॅमेरे तिथे बनत. महिनाअखेरीस त्यांनी काम पुन्हा सुरू केलं, हे खरंच कौतुकाचं. त्याच त्सुनामीत सोनीचा तागाजोचा कारखाना बुडाला आणि एचडीकॅम-एसआर या व्हिडिओ टेप जगभर मिळेनाशा झाल्या. टीव्हीच्या लोकांनी उरलेल्या टेप पुरवून पुरवून वापरल्या, अनेकांनी त्याच वर्षी टेप सोडून फाइलवर काम सुरू केलं. लगेच ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला. अयुथयाच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, त्यात निकॉन आणि सोनी दोघांचे कारखाने होते. त्याच पुरात हार्ड डिस्कचे कारखानेही बुडाले आणि डिस्कच्या किमती जवळपास दुप्पट झाल्या. लग्नाचं फुटेज साठवायचं कशावर हा प्रश्न तेव्हा कॅमेऱ्याइतकाच मोठा होता.

एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोचा भूकंप झाला. सोनीचा सेन्सरचा कारखाना तिथला. त्याच सुमारास निकॉनची डीएल नावाची छोट्या कॅमेऱ्यांची मालिका लांबली, पण ती तिच्या स्वतःच्या चिपमधल्या अडचणीमुळे, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत रद्दच झाली.

फरक एवढाच की त्या वेळी कारखाना उभा राहिला की माल सुरू व्हायचा. आताचं संकट एका जागी नाही. बाकी उजेड म्हणतात त्याला दुजोरा.

तिसरी_घंटा | २१ जानेवारी, रात्री ११:४०

मी नाटकांचे फोटो काढते. उत्सवातली नाटकं, स्पर्धा, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, साखळीचं आणि मडगावचं रवींद्र भवन. (कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद आहे, ते दुखणं वेगळं.)

रंगमंचाच्या फोटोग्राफीला आवाज न करणारा कॅमेरा हवा. करुण प्रसंगात नट शांत उभा असतो आणि पहिल्या रांगेतून डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) शटर वाजतं, तेव्हा प्रेक्षक वळून बघतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून मला मिररलेस लागतो, ती हौस नाही. सोबत लांबून टिपणारी ७०-२०० एफ २.८ लेन्स, कारण प्रकाश कमी आणि पुढे जायला परवानगी नाही.

वाट बघण्यापेक्षा मी जुन्या पिढीचा मिररलेस सेकंडहँड घेतला. नव्या मॉडेलच्या मागे सगळे धावत असताना एक पिढी मागचा कॅमेरा गुपचूप उपलब्ध असतो. रंगमंचावरच्या कामाला तो पुरेसा आहे, छापून आलेल्या फोटोत कुणाला फरक दिसलेला नाही. फोंडेकरदादा, लग्नाच्या कामालाही हा विचार करून बघा.

रानवाटा | २२ जानेवारी, पहाटे ५:१०

ताईंना अनुमोदन, पण गोव्यात सेकंडहँड घेताना बुरशी बघा, बुरशी बघा, बुरशी बघा.

मी पक्षी दाखवायला लोकांना नेतो : चोडण, करमळीचं तळं, बोंडला, मोलें. पाहुण्यांच्या लेन्स हाताळून सांगतो, किनाऱ्यावर वापरलेल्या दर काही लेन्सांमागे एखादीत बुरशी सापडतेच. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि लेन्स कपाटात चामड्याच्या नाहीतर कापडाच्या बॅगेत पडून असते. बुरशीला आणखी काय हवं?

तपासायची रीत : लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, मागच्या बाजूने टॉर्च तिरकी मारायची आणि पुढून बघायचं. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असो, सोडायची. काचेवरच्या लेपाला बुरशीने खाल्लं असेल तर साफ करूनही खूण राहते. नुसती धूळ दिसली तर घाबरू नका, धुळीने फोटो बिघडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, फोकसची कडी अडखळते का, माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कडीवर, गंज आहे का हेही बघा. खाऱ्या हवेत माउंटचे स्क्रू आधी गंजतात आणि ते विकणाऱ्याला लपवता येत नाहीत.

बॉडीचं म्हणाल तर शटर किती वेळा पडलंय ते विचारा. निकॉनच्या डी ८५० चं शटर कंपनी दोन लाख वेळा पडण्यासाठी तपासते, त्यामुळे ४०-५० हजार वेळा शटर पडलेली बॉडी तरुणच समजा. निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमधूनच वाचता येतो, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आणि जी हत्यारं आहेत ती जपा. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर लावून ठेवा. त्याहून फार कोरडं केलंत तर रबर आणि वंगण सुकतं. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. नवी लेन्स मिळत नाही त्या काळात जुनी गमावणं दुप्पट महाग पडतं.

दर्यावर्दी | २२ जानेवारी, रात्री ८:००

मी बोटीवर असतो, सध्या सुट्टीवर घरी. गावातले सगळे सांगतात, "दुबईहून येताना घेऊन ये, स्वस्त पडेल." त्यांच्यासाठी हिशेब लिहून ठेवतो.

आत्ताच्या, म्हणजे २०२२ च्या नियमाने परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या मालावर जकात नाही. त्याच्या वर ३५ टक्के आणि त्यावर अधिभार धरून ३८.५ टक्के. समजा दुबईत सोनीच्या ए ७ मार्क फोरची बॉडी १ लाख ९० हजारांना मिळाली. ५० हजार वजा जाता १ लाख ४० हजारांवर जकात ५३,९०० रुपये. एकूण २,४३,९००. त्याच बॉडीची इथली जानेवारी २०२२ ची एमआरपी २,४२,४९० आहे. म्हणजे महाग पडली, वर भारतातली हमी नाही, आणि बिल इथल्या धंद्याच्या हिशेबात बसत नाही.

जकात न भरता आणणारे आहेत, मला माहीत आहे. त्यात माल जप्त होऊ शकतो, दंड होतो. नातेवाइकाला त्या रांगेत उभं करू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

एक उपयोगाची गोष्ट : स्वतःचा कॅमेरा घेऊन परदेशी कामाला जात असाल तर निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परतताना तो "बाहेरून आणलेला" ठरवला जात नाही.

हळदोणे_स्टुडिओ | २३ जानेवारी, सकाळी १०:३०

माझा उपाय सरळ आहे. मुंबईत दोन, पुण्यात एक, बंगळुरात एक असं चार ठिकाणी नाव लावलंय. जो आधी देईल त्याचं घेणार, बाकी रद्द. धंदा करायचा तर असंच करावं लागतं.

फोंडेकर | २३ जानेवारी, सकाळी ११:१५

हळदोणेदादा, वाईट मानू नका, पण याच गोष्टीवर मला सगळ्यांशी बोलायचं होतं.

तुम्ही चार ठिकाणी नाव लावलंत, म्हणजे चार दुकानांनी तुमच्यासाठी एकेक कॅमेरा मागितला. असे शंभर जण असतील तर कागदावर मागणी ४०० ची होते आणि खरी गरज १०० चीच असते. मोठं दुकान तो फुगलेला आकडा दाखवून जास्त वाटा उचलतं. आमच्या फोंड्याच्या छोट्या दुकानदाराकडे खरी नावं असतात, ती थोडी दिसतात, त्याला वाटाही थोडा मिळतो. ज्या दिवशी तुमचा एक कॅमेरा येईल त्या दिवशी तीन ठिकाणची नावं गळतील, पण तोवर आमच्यातला कुणीतरी हंगामभर मागे ढकलला गेलेला असेल.

मी एकाच ठिकाणी नाव लावलंय आणि ते गोव्यातल्याच दुकानात. उद्या बॉडी बिघडली, बदली हवी झाली, सर्व्हिसला पाठवायची झाली तर मला तो दुकानदार जिवंत हवा. टंचाईत आपण सगळे मुंबईला पळालो तर टंचाई संपल्यावर इथे दुकानच उरणार नाही.

हळदोणे_स्टुडिओ | २३ जानेवारी, दुपारी १२:४०

तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्या घरी हप्ते आहेत. १४ फेब्रुवारीच्या निवडणुकीमुळे भाड्याचे कॅमेरेसुद्धा प्रचाराच्या व्हिडिओंसाठी गेलेत. मी नाव काढलं तर माझ्या जागी दुसरा लावेल.

मांडवीकाठ | २३ जानेवारी, दुपारी २:०५

दोघांचंही खरं आहे. मधला मार्ग : चार ठिकाणी लावलंत तरी आगाऊ रक्कम एकाच ठिकाणी भरा आणि माल मिळाला त्याच दिवशी बाकीच्यांना फोन करून नाव काढा. एवढं जरी सगळ्यांनी केलं तरी रांग खरी दिसेल.

कोर्टनाका | २४ जानेवारी, रात्री ९:१०

मी म्हापशात वकिली करतो, लहान भाऊ फोटोग्राफर आहे. टंचाईत दोन प्रकार चालतात, त्यावर लिहितो.

पहिला : एमआरपीच्या वर पैसे मागणं. सीलबंद मालावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापन कायद्याखालच्या २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांप्रमाणे दुकानदाराला करता येत नाही. "टंचाई आहे" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. बिल छापील किमतीचं आणि वरचे रोख, असं कुणी मागत असेल तर देऊ नका, ते सिद्ध करणं नंतर अवघड जातं.

दुसरा : "कॅमेरा देतो, पण सोबत ही बॅग, हे कार्ड आणि हा फिल्टर घ्यावाच लागेल." एक वस्तू विकण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणं याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा धरलं आहे, तक्रार करता येते. फोटोग्राफर विचारतील, आम्ही तर धंद्यासाठी घेतो, आम्ही ग्राहक कसे? स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यापारी हेतूत मोडत नाही. स्वतः कॅमेरा चालवून घर चालवणारा माणूस ग्राहकच आहे. दहा नोकर ठेवलेला मोठा स्टुडिओ असेल तर मात्र वाद होऊ शकतो. उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगळे जिल्हा आयोग आहेत.

आगाऊ रक्कम भरताना पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, ठरलेली किंमत आणि माल न आल्यास पैसे परत मिळतील हे लिहून घ्या. तोंडी शब्दावर लाखभर रुपये ठेवू नका.

जमाखर्च | २४ जानेवारी, रात्री १०:००

वरच्यात एक भर. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी मुंबईच्या दुकानातून घेताना बिलावर आपला गोव्याचा क्रमांक घालून आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा कर) लावून घ्यावा. महाराष्ट्राचा एसजीएसटी (त्या राज्याचा कर) लागलेलं बिल आलं तर त्याची वजावट इथे मिळत नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के कर आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी २८ होता), म्हणजे दोन-अडीच लाखांच्या बॉडीमागे ही रक्कम छोटी नाही.

साखळीकर | १० फेब्रुवारी २०२२, सकाळी ८:२०

आता ड्रोनही गेला. कालच्या ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात बंद. सुट्या भागांना परवानगी आहे, तयार ड्रोनला नाही. लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यांना वरून दिसणारा समुद्र हवा असतो आणि त्या कामाचे बहुतेक ड्रोन चिनी.

उजेड | १० फेब्रुवारी, सकाळी ९:००

ही टंचाई सरकारी निर्णयाची आहे, चिप सुटल्या तरी ती सुटणार नाही. देशी कंपन्यांना वाव मिळावा हा हेतू समजतो, पण लग्नाच्या व्हिडिओला लागणारा हलका, फोल्डिंगचा, चांगल्या कॅमेऱ्याचा ड्रोन आज देशात मला तरी दिसत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पंखे आणि बॅटऱ्या आत्ताच घेऊन ठेवा. आणि दाबोळीच्या आसपास उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा बघाच, तो नौदलाचा विमानतळ आहे.

फोंडेकर | १२ फेब्रुवारी, रात्री ११:००

मंडळी, इतके दिवस वाचून आणि काही जणांशी फोनवर बोलून एक गोष्ट सुचवतोय.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे एखादी महागडी वस्तू आहे जी महिन्यातले निम्मे दिवस पडून असते. माझी ८५ एफ १.४ लेन्स फक्त लग्नाला लागते. रानवाटांची १५०-६०० पावसाळ्यात कपाटात असते. तिसरी घंटा ताईंची ७०-२०० उत्सवांच्या हंगामाबाहेर मोकळी असते. मुंबईहून कॅमेरा भाड्याने आणला तर दिवसाच्या भाड्यावर अटेंडंटचं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या माणसाचं भाडं, जेवण आणि राहणं येतं, शिवाय प्रवासाचे दिवसही मोजले जातात. त्यापेक्षा आपण एकमेकांना ठरलेल्या दराने का देऊ नये?

मी विचार केलेली चौकट : दर आधी लिहून ठरवायचा आणि ओळखीतही तोच घ्यायचा, म्हणजे मागायला संकोच नाही. देताना आणि घेताना दोघांनी मिळून टॉर्च मारून काच बघायची, फोटो काढून ठेवायचे. वस्तूचा विमा मालकाने काढायचा आणि तो घेताना ही वस्तू इतरांना वापरायला देणार हे विमा कंपनीला स्पष्ट सांगायचं, नाहीतर दावा अडतो. पडली-फुटली तर विम्यातून न मिळालेला भाग वापरणाऱ्याने भरायचा. आणि लग्नाच्या तारखांना पहिला हक्क मालकाचा.

दुसरं, नवीन घेताना आपण पाच-सहा जणांनी मिळून गोव्यातल्या एकाच दुकानदाराकडे एकदम नावं द्यायची. त्याला कंपनीसमोर एक कॅमेरा मागणं आणि सहा मागणं यात फरक पडतो.

तिसरी_घंटा | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

माझं नाव घाला. ७०-२०० शिगम्यापासून पुढे मिळेल. एक अट : समुद्रकिनाऱ्यावरच्या प्री-वेडिंगला मी ती देणार नाही. वाळू झूमच्या कडीत गेली की लेन्स संपते.

रानवाटा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

माझंही. ताईंची अट मलाही.

हळदोणे_स्टुडिओ | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

माझ्याकडे तीन फ्लॅश आणि एक गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आहे, घाला यादीत. आणि पुणे, बंगळूरची नावं काढून टाकली आहेत.

फोंडेकर | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:००

देव बरें करूं, हळदोणेदादा.

उजेड | १४ मार्च २०२२, रात्री ९:३०

चिपच्या कारखान्यांत लेझरसाठी लागणारा शुद्ध निऑन वायू जगाच्या निम्म्याच्या आसपास युक्रेनमधून येत होता. मारिउपोल आणि ओडेसाच्या तिथल्या कंपन्यांचं काम युद्धामुळे थांबलंय. मोठ्या कारखान्यांकडे काही महिन्यांचा साठा असतो, त्यामुळे लगेच काही बिघडणार नाही. पण जानेवारीत मी वर्षभर म्हटलं होतं, ते कमी करायला आता धजत नाही.

कोलवाळकर | ५ मार्च २०२४, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. मी नवीन सदस्य आहे, कॅफे आणि होमस्टेंसाठी फोटो काढतो. २० फेब्रुवारीला फुजीचा एक्स १०० सिक्स जाहीर झाला. पहिल्याच दिवशी चौकशी केली तर दुकानात आधीच लांब यादी. ऑनलाइन काही जण हाच कॅमेरा किमतीच्या कितीतरी वर विकायला काढताहेत. चिपची टंचाई तर संपली म्हणतात, मग हे काय? घ्यावा का वरचे पैसे देऊन?

उजेड | ५ मार्च २०२४, रात्री ११:०५

ही वेगळ्या जातीची टंचाई आहे. आधीचा एक्स १०० व्ही २०२० चा. २०२२ मध्ये टिकटॉकवर तो गाजला आणि मागणी एकाएकी वाढली, वापरलेले कॅमेरे नव्यापेक्षा महाग गेले. या वेळी फुजीने उत्पादन वाढवलं, जपानऐवजी चीनमधल्या कारखान्यात बांधणी सुरू केली. तरी मागणी त्याच्या पुढे आहे. इथे कारखान्याला आग लागलेली नाही, पूर आलेला नाही. सगळ्यांना एकच वस्तू एकाच महिन्यात हवी आहे आणि अशी गर्दी उशिरा का होईना ओसरते. तोवर थांबायची तयारी हवी.

कोर्टनाका | ६ मार्च २०२४, सकाळी ८:४०

वरचे पैसे देऊ नका. दुकानाने मागितले तर काय करायचं ते वर २४ जानेवारी २०२२ च्या प्रतिसादात आहे. खाजगी माणसाकडून घेत असाल तर मूळ बिल आणि हमीचं कार्ड भारतातलं आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

तिसरी_घंटा | ६ मार्च २०२४, सकाळी १०:१०

कोलवाळकर, तुमचं काम कॅफेच्या आतल्या फोटोंचं असेल तर त्याला २३ मिमीची एक चांगली लेन्स आणि फुजीचीच कुठलीही लेन्स बदलता येणारी बॉडी पुरे. एक्स १०० ची लेन्स काढता येत नाही. गिऱ्हाइकाने उद्या पदार्थाचा जवळून फोटो मागितला तर त्या एकाच लेन्सवर अडून बसाल. कामासाठी घेत असाल तर हा विचार आधी करा.

कोलवाळकर | ६ मार्च २०२४, दुपारी १:००

ताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग यादीत थांबतो आणि मधल्या काळात बॉडी बघतो. तुमची ती सामायिक यादी अजून चालू आहे का?

फोंडेकर | ६ मार्च २०२४, रात्री ९:४५

चालू आहे. मला बुक केलेली बॉडी त्या हंगामात मिळालीच नाही, लग्नं यादीतल्या वस्तूंवर पार पडली. आता आम्ही जास्त जण आहोत, मडगाव आणि काणकोणचेही आलेत. तुमच्याकडे काय आहे आणि कुठल्या तारखा मोकळ्या असतात ते मला निरोपातून कळवा. फुजीच्या माउंटची सध्या आमच्याकडे फक्त ५६ एफ १.२ लेन्स आहे आणि ती एप्रिलअखेरपर्यंत डिचोलीला दिलेली आहे. त्यानंतरच्या तारखांत तुमचं नाव लावू का?